जयवंतदादांची भरलेली बॅग

आमच्या आमरसाच्या कारखान्यातले किस्से फणसाच्या गऱ्यांसारखे. एक काढला की दुसरा चिकटून येतोच! बांधकाम संपलं, फीत कापली आणि मला वाटलं, उद्यापासून प्रॉडक्शन! कॉलेजातून नुकतीच आलेली इंजिनीअर मी, घाई भारी.

मालकांनी मात्र बजावलं होतं, "याच हंगामात लाइन न थांबता चालली पाहिजे. नाहीतर कुलूप!" बॉयलर सांभाळणारे जयवंतदादा मुंबईची नोकरी सोडून गावी आलेले. त्यांनी खाटेखालची बॅग अजून रिकामी केली नव्हती.

पहिल्या दिवशी दादांनी नारळ ठेवून देवाला गाऱ्हाणं घातलं. प्रत्येक मागणीला सगळे हात जोडून म्हणाले, "होय महाराजा!"

लगेच मी तपासणीला लागले. "वाफेचा व्हॉल्व्ह बंद?"

"होय महाराजा!"

"खालचा ड्रेन बंद?"

"होय महाराजा!"

पाणी सोडलं. ड्रेन उघडाच, सगळं माझ्या बुटांत!

दुसऱ्या खेपेला पाणी नीट फिरलं आणि शेवटच्या नळातून स्वच्छ बाहेर आलं. मी टाळ्या वाजवल्या. आंबे निवडायला बसणाऱ्या सुलभावहिनी, म्हणजे दादांची बायको, बघतच राहिल्या. "एवढ्या मशिनी लावून पाणीच काढलंत? ते आमची विहीर पण देते!"

चाचणीसाठी डागी आंबे आणा म्हटलं, तर सगळ्यांनी घरचे निवडक हापूस आणले. "पहिला रस हाय, मॅडम. देवाला डागी दाखवतात काय?"

रस सुरेख उतरला. लॅबसाठी काढलेलं सॅम्पल मात्र सापडेना. दुपारी डबे उघडले, तर प्रत्येकाच्या घावनाशेजारी सॅम्पल!

"अहो, आता रिपोर्ट काय लिहू?"

"लिवा, गोड हाय," वहिनी म्हणाल्या.

मग लाइन रोज बंद पडायला लागली. वाफेचा दाब घसरला की सगळं ठप्प. मी चिडायचे. दादा नुसतं म्हणायचे, "बॅग भरलेलीच हाय." ते ऐकून वहिनींचे हात आंब्यांवर क्षणभर थांबायचे.

एकदा त्या मला म्हणाल्या, "आढीतला आंबा सारखा दाबून बघू नये, मॅडम. डाग पडतो."

शेवटी दोष सापडला. रसाच्या दोन्ही टाक्या आम्ही वाफेवर एकदमच तापवत होतो. आळीपाळीनं तापवल्या आणि दाब टिकला. लाइन दिवसभर चालली. दुसऱ्या दिवशीही! मालक बघून गेले, कुलपाचं नावही न काढता.

संध्याकाळी दादांनी सवयीनं विचारलं, "बॅग खाटेखालीच हाय ना गो?"

वहिनींनी मानसुद्धा वर केली नाही.

"हाय. पण हात लावू नका. कपडे काढून तिच्यात कोंबडी बसवलीय अंड्यांवर!"