मामाजींचा ब्राऊन भात

आमच्या मामाजींनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, अख्खा पावसाळा ब्राऊन राईस खाल्ला आणि त्यांची शुगर वाढली.

दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. धंतोलीच्या डॉक्टरीणबाईंनी स्पष्ट सांगितलं होतं, शुगर उतरल्याशिवाय ऑपरेशन नाही. पांढरा भात बंद, त्यानं शुगर झटकन चढते. ब्राऊनचा कोंडा शाबूत असतो, तो सावकाश पचतो. तोही वाटीभरच. मामाजी भंडाऱ्याकडचे, भाताशिवाय जेवणाला जेवण न म्हणणारे. आता घरात महाभारत होणार, असं मला वाटलं. पण ते लगेच तयार झाले.

सकाळी मी कुकरात दोन डबे लावायची, वर आमचा पांढरा, खाली त्यांचा ब्राऊन, आणि मिहानला ऑफिसात पळायची. दुपारी ते आपल्या हातानं वाढून घेत. फोन केला की म्हणत, "खाल्ला ना वं वाटीभर. एक नंबर लागते. लोक उगाच नावं ठेवतात." बागेतल्या मित्रांपुढे तर त्यांनी व्याख्यानं झोडली. एकानं बायकोशी भांडून घरातला पांढरा तांदूळ वाटून टाकला.

इकडे माझा नवरा हिंगण्याहून शिफ्ट करून यायचा आणि मोबाईलवर डोळे लावून उरलेला भात खाताना कुरकुरायचा, "भात कच्चा काहून असते?" मी रात्री पोळीच खाते, त्यामुळे डब्यात डोकावलंच नाही. गुमान खा, म्हटलं. त्याची ढेरी उतरली, पँट ढिली झाली.

मग मामाजींचा रिपोर्ट आला. मी त्यांना रोज पेढे चारते, अशा नजरेनं डॉक्टरीणबाईंनी माझ्याकडे पाहिलं. माझं टाळकंच सटकलं. घरी येईपर्यंत ऑटोत मी मामाजींना फैलावर घेतलं. ते एवढंच म्हणाले, "आईशपथ, ब्राऊनच खाल्ला."

रविवारी मी समोर बसून राहिले. त्यांनी कुकर उघडला, वरचा डबा काढला, पांढराशुभ्र भात वाढून घेतला आणि ताट माझ्यापुढे धरलं. "हे पाय."

"मामाजी, हा पांढरा आहे."

त्यांनी ताट खिडकीपाशी नेलं, नाकाला लावलं. "मले तर ब्राऊनच दिसून राहिला."

मी पोट धरून हसले. शुगर उतरेना म्हणून डोळे होईनात, आणि डोळे होईनात म्हणून शुगर उतरेना. मामाजीही हसायला लागले. हसता हसता त्यांनी समोरच्या भिंतीवरून हात फिरवला आणि थांबले.

"मंग हे भिंत? मले वाटलं तुमी नवा रंग मारला. मातीवानी दिसते. पण म्हटलं, पोरायले आवडला असन, कायले बोलाव."

भिंत पांढरीच होती.