बहिणीचं माहेर

मनीषाच्या तोंडी कायम 'आई म्हनायची' असायचं. "आई म्हनायची, मोबाईल उशाशी घेऊन झोपू न्हाई." तिच्या आईने जन्मात मोबाईल हातात धरला नव्हता. पण तिची धाकटी बहीण अश्विनी निमूट ऐकायची आणि मला हसू दाबावं लागायचं.

सोनईजवळच्या वस्तीवर आमची घरं शेजारी. मनीषा बारावीत असताना ढगफुटी झाली. तिचे आईवडील ओढ्यापलीकडे बांधलेली म्हैस सोडायला गेले आणि पुराने दोघांनाही नेलं. तोवर ही पोरगी भलतीच लाडावलेली, चहासुद्धा हातात लागायचा. पुढे ती धारा काढायला शिकली, उसाला पाणी द्यायला शिकली. अश्विनीला शिकवलं, तिचं लग्न लावून दिलं. मनीषाला रडताना कुणी पाहिलं नाही. पोरगी दगडाची आहे, असं बायका म्हणायच्या. मला त्यांचा संताप यायचा.

अश्विनीला दिवस गेले. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, पण सासूचा शिर्डीहून निरोप आला, "घरात आई न्हाई. बाळंतीन कोन सांभाळनार? आमीच करतो." मनीषा मिळेल त्या एसटीने शिर्डी गाठून सासूपुढे बसली. "माहेर हाय तिला. मी हाय ना," म्हणाली आणि बहिणीला घेऊनच आली.

मग रोज माझ्या आईकडे तिची शिकवणी. बाळाला पायांवर कसं घ्यायचं, शेक कसा द्यायचा, अळिवाची खीर किती आटवायची. न्हाऊ घालताना बाळ किंचाळलं की ती म्हणायची, "रड लेका, मोकळं रड."

बारसं झालं. काही आठवड्यांनी जावई न्यायला आले. मनीषाने बहिणीची ओटी भरली, बाळाला तीट लावली. अश्विनी रडत गाडीत बसली. हिचे डोळे कोरडे.

दुपारी ती आमच्याकडे आली. आई तांदूळ निवडत होती.

"काकू, तिला माहेरावानी वाटलं आसंल ना?"

"व्हय गं. तुज्या आईनं तरी अजून काय केलं असतं?"

आईने एवढं म्हटलं मात्र, मनीषाने तिच्या मांडीवर डोकं टाकलं. पंचविशी ओलांडलेली ती पोर हमसून हमसून रडायला लागली.

"काकू, मला माजी आई पायजे."

आई नुसती तिच्या केसांवरून हात फिरवत राहिली. मी दारात उभी होते. आत पाऊल टाकायचा मला धीर झाला नाही.