निळ्या पायांची चिंबोरी

माझे सासरे साताऱ्याकडे चित्रकलेचे मास्तर होते. आमचे हे तारापूरच्या वीजकेंद्राच्या बांधकामावर नोकरीला लागले, तेव्हा मामंजीही निवृत्त होऊन आमच्याकडे बोईसरला आले. साठीपर्यंत समुद्र न पाहिलेला माणूस; पण एकदा ओहोटीच्या खडकांत उतरले ते घरी यायलाच तयार होईनात. शंख, चिंबोऱ्या म्हणजे समुद्रातले खेकडे, तारामासे रंगवू लागले. मुंबईच्या एका प्रकाशकाने चित्रं पाहिली आणि पुस्तक करायचं ठरलं. "कपाटात ठेवायचं पुस्तक नव्हे," मामंजी म्हणायचे, "किनाऱ्यावर हातात घेऊन हिंडायचं."

त्यांचे नियम कडक होते. बाटलीतल्या मेलेल्या प्राण्यावरून चित्र काढायचं नाही, कारण स्पिरिटमध्ये रंग उडतो. प्रत्येक प्राण्याशेजारी एक आगकाडी काढायची, म्हणजे तो केवढा ते कळतं. एकसारखे दिसणारे प्राणी एकाच पानावर हवेत, कारण घोटाळा तिथेच होतो. आणि स्वतः पाहिलं नाही त्याबद्दल एक अक्षरही लिहायचं नाही.

शेवटची परीक्षा माझ्याकडे असायची. मला समुद्रातलं ओ की ठो कळत नव्हतं, आणि तीच माझी लायकी. भाजी चिरताना हाक यायची, "सूनबाई, या जरा." माझ्याच कणकेच्या परातीत डालड्याच्या डब्यातून आणलेलं खारं पाणी आणि त्यात दोन-तीन जिवंत प्राणी. मी चित्र पाहायचं आणि परातीतला नेमका प्राणी दाखवायचा. बरोबर दाखवला तर चित्र पास. चुकला तर ते तिथल्या तिथे कागद फाडायचे. मी ओशाळले की म्हणायचे, "चूक बघणाऱ्याची नसते, सूनबाई. चित्राची असते."

पुढे त्यांची चित्रं मला मळकट दिसू लागली. रंग जुने झाले असतील असं वाटलं. मग डोळे दाखवले तेव्हा पालघरच्या डॉक्टरांनी मोतीबिंदू सांगितला, पण अजून पिकला नाही, पिकला की काढू, म्हणाले. थांबायला मामंजींना सवड नव्हती. किनाऱ्याचा तो खडकांचा भाग बांधकामाच्या कुंपणात जाणार असं ऐकू येत होतं.

एका सकाळी मासेवाली दोन चिंबोऱ्या देऊन गेली. "लहान हायत, बाजारात नाय जायच्या. तुमच्या बाबांना द्या." मामंजींनी त्यातली एक रंगवली आणि मला हाक मारली.

चित्रातल्या चिंबोरीचे पाय तपकिरी होते. परातीत एकीचे तपकिरी, दुसरीचे गडद निळे. मी तपकिरीकडे बोट केलं.

"नीट बघा."

मी पुन्हा तीच दाखवली.

"अहो, दुसरी! पाय बघा की तिचे!"

धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. माझंच चुकलं म्हणावं, तर खोटं चित्र पुस्तकात जाणार. चित्राचं चुकलं म्हणावं, तर म्हाताऱ्याच्या हातचा ब्रश जाणार. तोंडाशी आलेलं खोटं मी गिळलं.

"मामंजी, चित्रातले पाय तपकिरी झालेत. हिचे निळे आहेत."

ते पाण्यावर वाकले, नाक टेकेल इतके. "निळे? कसले निळे?"

"निळीच्या वडीसारखे."

त्यांनी चिंबोरी मागून धरून उचलली, दारात उन्हात नेली आणि खूप वेळ उलटसुलट करून पाहिली. "मला गडद तपकिरीच दिसतात. मोतीबिंदूने निळा खाल्ला वाटतं." मग रंगवून ठेवलेली सगळी चित्रं आणून माझ्यापुढे मांडली. "ज्या प्राण्यांत तुम्ही निळा, जांभळा पाहिला होता आणि इथे तो नाही, त्यांची चित्रं बाजूला काढा." मी काढत गेले. ढीग वाढत गेला. त्यांनी ब्रश धुतले, पुसले आणि पेटीत ठेवले. कागद मात्र या वेळी फाडला नाही.

संध्याकाळी हे माझ्यावर उखडले. "तोंड मिटून बसायला काय झालं होतं? तेवढाच आधार होता त्यांना!"

"मग उद्यापासून तुम्ही बसा परातीसमोर," मी म्हटलं.

बरेच दिवस मामंजी किनाऱ्यावर गेले नाहीत. मग एकदा डबा घेऊन निघाले. त्यांनी सगळी चित्रं काळ्या शाईत नव्याने काढली. ओळखीच्या खुणेकडे एकेक बारीक बाण, शेजारी आगकाडी. पुस्तक छापून आलं. लोकांनी रेषांचं कौतुक केलं. रंग का नाहीत, हे आम्हा तिघांनाच ठाऊक होतं.

पुढे मोतीबिंदू पिकला, निघाला, जाड भिंगांचा चष्मा आला. तोवर ते खडक कुंपणापलीकडे गेले होते. ब्रश त्यांनी पुन्हा धरला नाही. तुझं बरोबरच होतं, असं आता हेही म्हणतात. मला अजून तसं ठामपणे वाटत नाही.

पुस्तकातली एक ओळ गाळा, असं प्रकाशकाने सांगितलं होतं. मामंजींनी ती गाळू दिली नाही. चिंबोरीच्या चित्राखाली ती आहे: 'पायांचा रंग गडद निळा. हा मी पाहिलेला नाही. सूनबाईंनी पाहिला आहे.'