इंगळे सिस्टरांचं जहाज

मीरा आणि निहार,

परवा फोनवर तुम्ही म्हणालात की ती अंतराळातली सिरीयल कंपनीने मध्येच बंद केली, त्यामुळे जहाजावरच्या माणसांचं पुढे काय झालं हे आता कुणालाच कळणार नाही. मला माहीत आहे. ते उतरले. कुठे उतरले ती जागाही मी पाहून आले आहे. ज्यांनी त्यांना उतरवलं त्या इंगळे सिस्टर आता नाहीत, आणि ही हकीकत ठाऊक असलेले आम्ही चौघे सगळे साठीच्या पुढचे आहोत. म्हणून लिहून ठेवते. क्रमाने सांगते, कारण क्रम सोडून मला सांगता येत नाही.

तुम्ही मे महिन्यात आला होतात त्या वर्षी आमच्या टीव्हीवर ती सिरीयल लावून दिलीत आणि अर्धी पाहून परत गेलात. मला अर्धवट काही सोडवत नाही, म्हणून दुपारची मी ती पुढे पाहू लागले. अमरावतीचा मे तुम्हाला आठवत असेल. अकरा वाजले की खिडक्या बंद, पडदे ओढलेले, अंधाऱ्या खोलीत कूलरची घरघर. अशाच एका दुपारी वरच्या मजल्यावरच्या इंगळे सिस्टर खाली आल्या. त्यांच्या कूलरची मोटर जळली होती. त्या खुर्चीत बसल्या, पदराने मान पुसली आणि टीव्हीकडे पाहून म्हणाल्या, "हे कोनतं हॉस्पिटल हाये?"

मी सांगितलं की हे हॉस्पिटल नाही, जहाज आहे. पृथ्वी जळून गेली, उरलेली माणसं या एका जुन्या जहाजात बसून कुठे माती सापडते का ते शोधत आहेत. सिस्टरांनी थोडा वेळ विचार केला. "म्हंजे आपल्यासारखंच," त्या म्हणाल्या. "बाहीर निंगायची सोय नाही, पानी मोजून, आन् कूलर बंद पडला का मेले."

त्या दिवसापासून त्या रोज येऊ लागल्या. त्या मूळच्या पातूरच्या. नोकरी सगळी अकोल्याच्या सरकारी दवाखान्यात, बायकांच्या वॉर्डात. लग्न केलं नाही. बुटक्या, सावळ्या, केसांचा घट्ट अंबाडा, आणि निवृत्त होऊन इतकी वर्षं झाली तरी ब्लाउजला पिनेने अडकवलेलं उलटं घड्याळ. वऱ्हाडी बायका बोलतात तसं 'मी येतो, मी जातो' असंच बोलायच्या, आणि तेही ठणकावून. पुण्याची तुमची मावशी पहिल्यांदा भेटली तेव्हा तिला वाटलं, या आपल्यावर रागावल्या आहेत. त्या तिला जेवायचा आग्रह करत होत्या.

त्यांचं एक ठरलेलं वाक्य होतं: "माया ड्युटीत मरायचं नाही." वॉर्डात नवीन पेशंट आली की ते तिला पहिल्याच दिवशी बजावायच्या. मी एकदा विचारलं की खरंच कुणी मरत नसे का. "मरत होते जी," त्या म्हणाल्या. "पन सांगून पाह्याले काय जाते?"

सिरीयलमध्ये मात्र माणसं सारखी मरत. सिस्टरांना ते सहन होत नसे. जहाजावरच्या डॉक्टरवर त्यांचा विशेष राग होता. पेशंटची नाडी न पाहता तो काचेवरचे आकडे पाहतो, म्हणून त्यांनी त्याला कंपाउंडरच्या जागी उतरवून टाकलं होतं. इंग्रजी नावं लक्षात राहत नसल्यामुळे त्यांनी सगळ्यांना आपल्याच मनाची नावं दिली. हळूहळू खालच्या मजल्यावरचे ऑटोवाले लहाने आणि शेजारच्या राऊत काकूही येऊन बसू लागल्या. राऊत काकूंच्या घरचा फुलांचा धंदा. त्या येताना झेंडूची टोपली आणायच्या आणि हार ओवता ओवता पाहायच्या. मी संवादांचा अर्थ सांगायची. तुमचे आजोबा आरामखुर्चीत झोपायचे आणि मधूनच जागे होऊन विचारायचे, "उतरले का?"

तिसरा सीझन संपला तेव्हा जहाजाचं इंजिन बंद पडलेलं आणि समोर धुळीचं वादळ. लहान्यांनी मोबाइलवर वाचून सांगितलं की कंपनी पुढे काढणार नाही. राऊत काकूंच्या हातातली सुई थांबली. सिस्टर उठून उभ्या राहिल्या. "कंपनीनं बंद केली म्हून काय ते लोक तथीच लटकून राहतीन? शनिवारी या. मी सांगतो पुढचं."

आणि त्यांनी सांगितलं. शनिवारी संध्याकाळी गच्चीवर सतरंजी पडायची आणि जहाज पुढे सरकायचं. पहिल्याच शनिवारी त्यांनी जहाजावरची माणसं आमच्यात वाटून दिली. ज्याचा माणूस त्याला विचारल्याशिवाय त्याच्या जिवाला काही करायचं नाही, हा नियम. लहान्यांना जहाज चालवणारा टकल्या मिळाला. राऊत काकूंना काचेच्या खोलीत रोपं वाढवणारी रडकी पोरगी. मला शिस्तीचा म्हातारा न्यायाधीश. का, ते कुणी विचारलं नाही. आजोबांना त्यांनी बर्फाच्या पेटीत शंभर वर्षांसाठी झोपवून ठेवलेला माणूस दिला. आजोबा खूश झाले.

नियम असा असल्यामुळे कुणी मरेना. वादळ आलं तर टकल्या वाचला, कारण लहान्यांनी साफ नकार दिला. अन्न संपत आलं तर राऊत काकूंच्या पोरीने मेथी लावली. माझ्या न्यायाधीशाचा मी एकदा, गोष्टीत जरा गांभीर्य यावं म्हणून, बळी देऊ केला. सिस्टर म्हणाल्या, "तुमी परवानगी देल्ली, पन मी देत नाही. मॅडम, तुमाले शोकांतिका शिकवून शिकवून सवय लागली हाये."

दिवाळीच्या सुमारास त्यांना जिना चढताना धाप लागू लागली. हृदयाची झडप खराब निघाली. नागपूरला त्यांची भाची राहते, तिथे ऑपरेशन ठरलं. निघण्याच्या आधीच्या शनिवारी राऊत काकूंनी हट्ट धरला की जाण्यापूर्वी जहाज कुठेतरी टेकवा. आमच्या सगळ्यांच्याच मनात ते होतं. सिस्टरांनी ऐकलं नाही. नंतर स्वयंपाकघरात कप विसळताना त्या मला हळूच म्हणाल्या, "उतरवून गेली, तर तुमी माई वाट काहून पाहसान?"

मी कप पुसत राहिले.

मग गच्चीवर परत येऊन त्यांनी चार्ज दिला. नर्सची पाळी संपली की ती पुढच्या नर्सला घेऊन खाटेखाटेशी जाते आणि प्रत्येक पेशंटचं सांगते, तसा. आम्ही सतरंजीवर बसलेलो आणि त्या एकेकासमोर थांबत होत्या. लहान्यांना म्हणाल्या की टकल्याची झोप झाली नाही, त्याच्याशी बोलत राहा. राऊत काकूंना सांगितलं, "पोरगी रडन, रडू देजा, पन उपाशी नोका ठेवू." माझ्या म्हाताऱ्याचं बीपी जास्त, त्याला वादात पडू द्यायचं नाही. आजोबांसमोर थांबून त्यांनी घड्याळ पाहिलं. "तुमचा झोपलाच हाये. झोपू द्या."

त्यानंतरचे शनिवार आम्ही जमत होतो, पण जहाज हलवायची कुणाची हिंमत नव्हती. प्रत्येकाने आपापला माणूस सांभाळला. लहाने सांगायचे की टकल्याला चहा दिला. मी सांगायची की म्हातारा शांत आहे. ऑपरेशनच्या दिवशी राऊत काकूंनी दुकान उघडलं नाही. संध्याकाळी भाचीचा फोन आला की सगळं नीट झालं. दुसऱ्या दिवशी परत आला: शुद्धीवर आल्यावर मावशीने पाणी मागितलं, आणि मग विचारलं की मागे कुणी जहाज उतरवलं तर नाही.

महिन्याभराने त्या परतल्या. लहान्यांनी त्यांना ऑटोतून इतकं हळू आणलं की मागच्या सायकलवाल्याने घंटी वाजवली. वर जाण्याआधी त्या आमच्याकडे बसल्या आणि प्रत्येकाकडून रिपोर्ट घेतला. राऊत काकू म्हणाल्या की पोरीने आता झेंडू लावला आहे. "झेंडू?" सिस्टर म्हणाल्या. "आन् लोक खातीन काय, हार?"

आता उतरवायचं होतं, पण कुठे, यावर जुंपली. राऊत काकूंना चिखलदरा हवा होता, हवा थंड म्हणून. लहाने म्हणाले वलगाव बरं, आपली सासुरवाडी आहे, सडक चांगली आहे. मी म्हटलं, गोष्टीत पृथ्वी पहिल्याच भागात जळून गेली आहे, तेव्हा दुसरा ग्रह शोधायला हवा. सिस्टर माझ्याकडे पाहत राहिल्या. "जयली म्हंतात," त्या म्हणाल्या. "पन पातुरात कोन जाऊन पाह्यलं?"

मी माझा ग्रह मागे घेतला. पातूरच का, तर तिथे डोंगर आहे, लेणी आहेत, आणि त्यांच्या ओळखीची माणसं आहेत. "ओळखीचं कोनी नसन तर येवढ्या लोकायले चहा कोन देईन?" पण जागा पाहिल्याशिवाय त्या उतरवायला तयार नव्हत्या. मुलगी देताना घर पाहतात, मग इथे तर सगळी माणूसजात द्यायची होती.

म्हणून एका रविवारी आम्ही गाडी ठरवून पातूरला गेलो. वाटेत दह्यात बुडवलेला गिला वडा खाल्ला. लेण्यांपाशी लहान्यांनी त्यांना हात दिला, आणि दर चार पावलांवर थांबत त्या वर पोचल्या. आत दगडाचे जाड खांब आणि गारवा. सिस्टरांनी भिंतीवर तळहात टेकवला, बाहेर येऊन खालचं मैदान नजरेने मोजलं आणि लहान्यांना विचारलं, "लागन का गाडी?"

लहान्यांनी डोळे बारीक केले. अर्धं आयुष्य ऑटो चालवलेले ते. त्यांनी मागे-पुढे पाहिलं, हाताने वळसा दाखवला. "लागते."

"मंग लाव."

तिथेच पायरीवर बसून त्यांनी जहाज उतरवलं. धूळ उडाली, शेळ्या पळाल्या, दार उघडलं. टकल्या सगळ्यांत शेवटी बाहेर आला, कारण चालवणाऱ्याने आधी उतरायचं नसतं असं लहान्यांचं म्हणणं पडलं. माझ्या न्यायाधीशाने खाली वाकून माती हातात घेतली. हे सिस्टरांनी मला न विचारता केलं. पातूरच्या त्यांच्या यमुना आत्याने साऱ्या माणूसजातीसाठी गोवऱ्यांच्या निखाऱ्यांत रोडगे भाजले आणि वांग्याची भाजी केली. आजोबा खांबाला टेकून पेंगत होते. जागे होऊन त्यांनी विचारलं, "उतरले का?" आम्ही सगळे एकदम हो म्हणालो. मग खऱ्या यमुना आत्यांकडे जेवायला गेलो. भाजी तिखट होती. सिस्टरांनी डॉक्टरांनी नको म्हटलेलं सगळं थोडं थोडं खाल्लं.

त्यानंतर त्या दोन वर्षं होत्या. शनिवार चालू राहिले. आता गोष्ट शेताची, विहिरीची, आणि बर्फातून उठवलेल्या माणसाला वऱ्हाडी कसं शिकवलं त्याची असायची. यंदा संक्रांतीनंतर एका सकाळी त्या झोपेतच गेल्या. चार्ज द्यायला सवड मिळाली नाही.

पुढच्या शनिवारी आम्ही सवयीने गच्चीवर गेलो. सतरंजी पसरली, चौघे बसलो. मग लहाने घसा साफ करून म्हणाले, "पातुरात त्या दिवशी थंडी होती." लहाने गोष्ट वाईट सांगतात. कुठूनही सुरुवात केली तरी ती गाडी दुरुस्तीवर येते, आणि राऊत काकूंना ती ओढून परत शेतात न्यावी लागते. पण ते दर शनिवारी सांगतात. सगळी माणसं हयात आहेत. यंदा त्यांनी तूर पेरली, आणि मागच्या शनिवारी ती गुडघ्याएवढी झाली होती.

तुमची,
आजी