विकाऊ घरातली खीर

परळला आम्ही तिसऱ्या मजल्यावर राहत होतो. इमारतीला लिफ्ट नव्हती आणि आईच्या गुडघ्यांनी जिन्याशी बोलणं सोडलं होतं. घर विकायचं कारण एवढंच. शीवला मावशीच्या इमारतीत, मावशीच्याच मजल्यावर एक घर रिकामं झालं होतं आणि तिथे लिफ्ट होती. आईने ते घर एकदा बघितलं आणि लिफ्ट चार वेळा. तिथला मालक बुद्धपौर्णिमेनंतरच्या शनिवारपर्यंत थांबायला तयार होता, त्यानंतर तो दुसऱ्याला देणार होता. म्हणजे त्याच्या आत आमची खोली विकली जायला हवी होती.

आमचा एजंट गिऱ्हाइकाला ‘पार्टी’ म्हणायचा. आधी दोन पार्ट्या येऊन गेल्या होत्या. पहिल्या पार्टीला खिडकी आवडली, फरशी आवडली, पाण्याची वेळ आवडली. मग त्यांच्यातल्या बाईंची नजर समोरच्या भिंतीवर गेली. तिथे दोन तसबिरी होत्या. एक बुद्धाची आणि दुसरी निळ्या कोटातली, जी आमच्यासारख्या प्रत्येक घरात असते. बाईंनी अगदी सहज आमचं आडनाव विचारलं. बाबांनी सांगितलं. “छान, कळवतो हं,” असं म्हणून ते जे गेले ते गेलेच. दुसऱ्या पार्टीने आडनाव विचारलं नाही, पण पाणीही घेतलं नाही. भर मेमध्ये तीन जिने चढून आलेला माणूस, शर्ट पाठीला चिकटलेला, आणि म्हणतो, “नको नको, आत्ताच पिऊन आलो.” कुठे प्यायलास बाबा, दुसऱ्या मजल्यावर?

त्यानंतर एजंट एकटाच आला. पंख्याखाली बसला आणि म्हणाला, “काकी, सोमवारी एक मस्त पार्टी आणतो. सुट्टी आहे ना, दोघं नवराबायको फ्री आहेत.”

“सोमवारी पौर्णिमा आहे,” आई म्हणाली. “आमच्याकडे खीर असते. सकाळपासून माणसं येतात.”

“खीर बेस्ट! घरात गोडाचा वास आला ना, पार्टी अर्धी तिथेच पटते. फक्त ते बाकीचं जरा…” त्याने भिंतीच्या दिशेने हवेत एक गोल काढला. “तेवढं जरा न्यूट्रल ठेवा. माझं काही नाही हां, काका. मी सगळ्यांकडे जेवतो. पण मार्केट तसं आहे.”

बाबांनी आयुष्यभर बस चालवली. ते म्हणाले, “न्यूट्रलमध्ये गाडी पुढे जात नाही रे.”

“काका, उतारावर जाते,” एजंट म्हणाला.

मी उठून उभी राहिले. हा आमच्या घराण्याचा दोष आहे. बाबा दर डिसेंबरात दादरच्या त्या गर्दीतल्या स्टॉलवरून पातळ पातळ पुस्तिका पिशवीभर आणायचे आणि जेवणं झाली की मोठ्याने वाचायचे. मी अक्षरं त्यांतच शिकले. तिसरीत ‘माझा आवडता पक्षी’ या निबंधात मी पोपटाबद्दल चार ओळी लिहिल्या आणि पाचवीपासून सरळ पिंजरा बनवणाऱ्यांना जाब विचारला. शेवटी ‘तेव्हा जागे व्हा!’ होतंच. बाईंनी दहापैकी चार दिले, बाबांनी निबंधाच्या तीन झेरॉक्स काढल्या. तर मी उभी राहिले आणि एजंटला सांगितलं की आम्ही खोली विकतोय, स्वतःला नाही. ज्याला या भिंतीचा त्रास होतो त्याला या भिंती विकायच्याच नाहीत. आणि जमल्यास हेच छापून दारावर लावते, म्हणजे तुमचाही वेळ वाचेल.

“ताई बोलतात भारी,” एजंट आईला म्हणाला.

“बोलते,” आई म्हणाली. मग माझ्याकडे वळली. “हे बघ, विचार तुझे असतील. गुडघे माझे आहेत.”

मी परत खाली बसले.

रविवारी संध्याकाळी आम्ही घर न्यूट्रल केलं. खरं तर त्या संध्याकाळी आम्ही उलटं काम करतो. दादरच्या फूलबाजारातून मोगरा येतो, गॅलरीत पंचशील ध्वज लागतो, या टोकापासून त्या टोकापर्यंत पताका जातात. या वर्षी आमच्या दारासमोर पताकांमध्ये खिंडार पडलं. बाबांनी तसबिरी उतरवून, स्वच्छ पुसून, स्वयंपाकघरात तांदळाच्या डब्यावर उभ्या केल्या. येणाराजाणारा विचारत होता, “काय हो, घरात काही झालंय का?” आई म्हणायची, “रंग काढायचाय.” तिसऱ्यांदा तिने रंगाची शेडसुद्धा सांगितली. माझी आई खोटं बोलताना तपशील देते, हे मला त्या दिवशी कळलं. मी कोणाशीच बोलत नव्हते. ते कोणाच्या लक्षात आलं नाही, म्हणून आणखी राग आला.

सोमवारी सकाळी दहाला एजंट सजावट घेऊन हजर झाला. प्लॅस्टिकच्या झेंडूचं तोरण, खोट्या पानांची एक कुंडी, लिंबाच्या वासाचा फवारा, आणि कागदात गुंडाळलेलं मोठं चित्र. त्यात बर्फाचे डोंगर होते, खाली तळं, तळ्यात बदक. भिंतीवर दोन खिळे मोकळे होतेच. त्याने एकावर डोंगर टांगला आणि दुसऱ्यावर आपली टोपी.

“एकदम हॉटेल,” तो मागे सरकून म्हणाला.

“कुठलं आहे हे?” बाबांनी विचारलं.

“फॉरेन.”

खीर तयार झाली होती. आमचं मोठं पातेलं शेगडीवरून उतरवायला दोन माणसं लागतात. वाटायला सुरुवात करण्याआधी पहिली वाटी तसबिरींसमोर ठेवायची, ही घरची रीत. पांढरी साडी नेसलेली आई वाटी घेऊन स्वयंपाकघरातून बाहेर आली, नेहमीच्या सवयीने भिंतीसमोर गेली आणि थांबली. समोर बदक होतं. ती वाटी हातात धरून बदकाकडे बघत राहिली. एजंटने पटकन टोपी काढून घेतली, जणू तेवढ्यानेच अडलं होतं.

मी तोंड उघडणार होते. तेवढ्यात आईचा चेहरा दिसला. आई चिडली नव्हती. ती फक्त वाटी कुठे ठेवायची ते शोधत होती.

“अहो,” ती बाबांना म्हणाली, “हे काढा.”

“काकी, पार्टी खाली उभी आहे, फोन आला—”

“मग वर यायला त्यांना वेळ लागेल. तीन जिने आहेत. काढा हो.”

बाबांनी डोंगर काढला. तसबिरी जागेवर गेल्या, वाटी ठेवली गेली, आम्ही तिघांनी हात जोडले. मागे एजंटनेही जोडले. मग बाबा गॅलरीत गेले आणि ध्वज लावायला लागले. तिथूनच त्यांनी जिन्यातल्या पार्टीला ओरडून सांगितलं, “या या, शेवटचा जिना जरा सांभाळून!”

नवरा हिंदमाताला साड्यांच्या दुकानात काउंटरवर होता. दुकानापासून चालत येण्याजोगं घर हवं होतं त्याला. बायको बोलकी होती. दोघांनी भिंत बघितली, तसबिरी बघितल्या, आडनाव विचारलं नाही. पाण्याचं विचारलं, आईने खरं सांगितलं. गळतीचं विचारलं, तेही आईने खरं सांगितलं आणि कोपरा दाखवला. एजंट प्लॅस्टिकच्या कुंडीमागे उभा राहून कपाळ पुसत होता. मग आईने दोन वाट्या पुढे केल्या.

“नको,” नवरा म्हणाला. “आमचा दोघांचा सोमवार असतो.”

झालं. मी दोन दिवस साठवलेलं सगळं बाहेर आलं. म्हटलं, कोणाला आत्ताच पाणी पिऊन झालेलं असतं, कोणाचा सोमवार असतो, कोणाचा मंगळवार असेल, पण आमच्या घरचं ताट समोर आलं की या शहरातल्या माणसांची पोटं एकदम भरलेली कशी असतात? बरोबर सांगायचं तर ‘या शहरातल्या’ नाही, ‘या तथाकथित पुरोगामी शहरातल्या’ म्हटलं. हातही वर गेला होता.

बाईंनी माझं बोलणं शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, “पण आज सोमवारच आहे ना?”

मी कॅलेंडरकडे बघितलं. सोमवारच होता.

“डब्यात द्या की,” बाई आईला म्हणाल्या. “रात्री उपास सोडताना खाऊ. सासूबाईपण आल्यात गावाहून, त्यांना गोड लागतं.”

आईने मांडणीवरचे तीन डबे बाजूला सारून चौथा काढला. त्यावर तिचं पूर्ण नाव आडनावासकट कोरलेलं होतं. तो शिगोशीग भरून तिने झाकण दाबलं आणि नाव वर येईल असा बाईंच्या हातात दिला. पार्टी गेल्यावर मी विचारलं, “तोच डबा का?”

“नाव असलं की परत येतो,” आई म्हणाली. “नाही आला तर तेही कळतं.”

मंगळवार गेला. एजंटचा फोन नाही. बुधवारी शीवच्या मालकाने मावशीमार्फत विचारलं, काय ठरलं. आई मावशीला म्हणाली, कळवते. मी आईला ऐकवलं, की खीर त्यांनी जिन्यातच कोणाला तरी दिली असणार. बाबा म्हणाले, “दिली असेल तर ज्याला मिळाली त्याची चंगळ.” आई संध्याकाळी दोनदा गॅलरीत जाऊन खाली वाकून बघून आली. जिना उतरायची तिची हिंमत नव्हती, नाहीतर नाक्यावर जाऊन बसली असती.

गुरुवारी चारच्या सुमाराला जिन्यात कोणाचा तरी श्वास ऐकू आला. खूप वेळ नुसता श्वासच वर येत होता. मग त्या बाई दिसल्या, आणि त्यांच्या दंडाला धरून नऊवारीतल्या एक म्हाताऱ्या बाई. सून डबा घेऊन होती. सासूबाई दारातच टेकल्या, पाणी मागितलं, एका दमात तांब्या संपवला आणि दुसरा मागितला. मग आईला म्हणाल्या, “खीर तूच केलंस मां? बरी होती गो. पण जायफळ किती ता? माका बसल्या जाग्यार झोप इली.”

आईचे डोळे मोठे झाले. “जायफळ? मी जायफळ घालतच नाही. वेलची आहे फक्त.”

“माझी जीभ काय खोटा बोलता?”

“आई, दोन वाट्या खाल्ल्यात तुम्ही,” सून म्हणाली. “दोन वाट्यांनी कोणालाही झोप येते.”

मी दारात उभी राहून हा वाद ऐकत होते. जी माणसं खात नाहीत ती तक्रारही करत नाहीत. डबा उघडला तर आत फणसाची भाजी होती, ओल्या काजूंसकट. आईने लगेच बोटाने चाखली आणि “मीठ कमी आहे,” म्हणाली. हिशेब बरोबर झाला.

पण घराचं कोणी बोलत नव्हतं. सासूबाई गुडघे चोळत बसल्या होत्या. आईची नजर त्या गुडघ्यांवर गेली आणि तिथेच राहिली. पुढे काय होणार ते मला दिसलं. मनातल्या मनात मी म्हटलं, आई, आज गप्प बस. एक दिवस. शनिवार परवावर आलाय. जिच्या तोंडून जन्मभर सत्य आणि समता याशिवाय काही निघालं नाही ती मी, मनात आईला खोटं बोलायची विनंती करत होते. रंगाचं जमलं, तसंच, थोडा तपशील घालून.

“तुम्ही इथे राहणार असाल तर आधीच सांगते,” आई म्हणाली. “माझे गुडघे याच जिन्याने गेले. तुमच्याकडून रोज होणार नाही हे.”

सून आमच्याकडे बघायला लागली. बाबांनी पेपर खाली ठेवला.

सासूबाई हसल्या. दात नव्हते, पण हसणं भरपूर होतं. “मी गावाक रवतंय गो. हय मे म्हयन्यात नायतर गणपतीनंतर चार दिस येतंय. आणि एकदा वर इलंय की खाली उतरतंय कशाक? ही खिडकी माका पुरे.” मग सुनेकडे बघून म्हणाल्या, “बाई खोटी नाय. घेवा.”

सुनेने तिथेच नवऱ्याला दुकानात फोन लावला. मागे कोणीतरी गिऱ्हाईक सहावारीचे रंग विचारत होतं, त्या गडबडीत तो एवढंच म्हणाला, “आई हो म्हणाली ना? मग झालं.” एजंटला आम्ही सर्वांत शेवटी कळवलं. त्याने बदकाचं चित्र परत मागितलं.

त्या दोघी गेल्यावर आईने मावशीला फोन केला. मी शेजारीच होते. पलीकडे मावशीचा आवाज येत होता, “काय गं, ठरलं का? मालक विचारतोय.” आई तिला काही बोलू देत नव्हती.

“आधी ऐक तू. मला म्हणतात जायफळ जास्त पडलं. मी आजपर्यंत खिरीत जायफळ घातलंय का? तू सांग. आपल्या आईने तरी घातलं होतं का?… काय?… हो गं, इथलं घर गेलं. शनिवारी येतो सांग त्याला. पण जायफळ!”