माझ्या वरचा थर

आमच्या अकोल्याच्या कार्यालयात माझं काम किडीच्या आकड्यांचं. कपाशीच्या शेतात लावलेल्या कामगंध सापळ्यांत किती पतंग अडकले, याचे आकडे तालुक्यातालुक्यातून येतात आणि मी ते नोटबुकमध्ये घालते. नोटबुक म्हणजे वही नव्हे, ब्राउझरमध्ये उघडणारं सॉफ्टवेअर. चौकटीत कोड लिहायचा, चालवला की खाली लगेच आलेख. पातूरकडे अळी वाढतेय की नाही, हे इतरांआधी मला कळतं. या कामावर माझा जीव आहे. दुसरं मला काही येतही नाही.

डोळ्याच्या पडद्याचा मधला भाग झिजत चाललाय असं डॉक्टरांनी सांगितलं, तेव्हा मी एकच विचारलं: काम करता येईल ना? ते म्हणाले, अक्षर मोठं करून बघा, पुढचं सांगता येत नाही. ऑफिसात मी कुणाला काही बोलले नाही. अक्षर मोठं केलं आणि गप्प बसले.

या सॉफ्टवेअरमधली सेटिंगं थरांनी बसतात. सगळ्यात खाली बनवणाऱ्यांनी दिलेली मूळ सेटिंगं. त्यावर कार्यालयाची, म्हणजे अमरावतीला बसून आमचा सर्व्हर सांभाळणाऱ्या माणसानं घातलेली. आणि त्यावर आपली. आपल्या फाईलमध्ये सगळं लिहायचं नसतं, जे वेगळं हवं तेवढंच लिहायचं. ती ओळ पुसली की खालच्या थरातलं आपोआप लागू होतं. नव्या लोकांना हे मीच शिकवायचे, आणि चांगला तोरा मिरवत शिकवायचे. माझ्या स्वतःच्या फाईलमध्ये एकच ओळ होती: अक्षराचा आकार अठरा.

दिवाळीनंतर अक्षर बारीक दिसायला लागलं. फाईल उघडून, डोळे ताणून पाहिलं, तर अठरा जागच्या जागी. आता माझं डोकं पडलं सरकारी. आपला कागद बरोबर असूनही काम होत नसेल, तर वर कुणीतरी अडवून बसलंय, हे आम्हाला कुणी शिकवावं लागत नाही. अमरावतीच्या त्या माणसानं माझ्या थरावर आणखी एक थर चढवलाय, याबद्दल माझी खात्रीच पटली. मी त्याला फोन लावला.

"तुमचंच सर्वात वर हाय मॅडम," तो म्हणाला. "आमी खाली कायी बी बदललं तरी ते तुमच्यावर चढत नाही."

हे मी स्वतःच लोकांना शिकवत होते, तरी त्याचं खरं मानायची माझी तयारी नव्हती. मी त्याला नाही नाही ते बोलले, फोन आपटला आणि ब्राउझरचा झूम वाढवला. काही दिवस बरं गेलं. मग पुन्हा तेच. मी पुन्हा फोनवर तोंड सोडलं, झूम आणखी वाढवला. ओळी तुटून खाली यायला लागल्या, आलेख पडद्याबाहेर जायला लागले, आणि मी स्क्रीनला नाक लावून बसायला लागले. शेजारच्या टेबलावरचे सर म्हणाले, "काहून हो मॅडम, आत घुसता का आता?" मी हसले. घरी येऊन रडले. वर्तमानपत्र केव्हाच सुटलं होतं, बसची पाटी मी लोकांना विचारत होते. त्याचं दुःख होतं, पण त्याला इलाज नव्हता. स्क्रीनवरचं अक्षर मात्र माझ्या हातातलं होतं, ते कुणी हिसकावतंय याचा संताप यायचा. तो संताप होता तोवर खरं सांगते, बरं होतं.

शेवटी एका सकाळी सोक्षमोक्ष लावायला गाडीनं निघाले, बडनेऱ्याला उतरून रिक्षानं अमरावतीचं ऑफिस गाठलं. तो साधा, पोरगेला माणूस निघाला. एवढ्या शिव्या खाऊनही त्यानं आधी चहा मागवला. मग स्वतःच्या कॉम्प्युटरवर मला माझ्या नावानं आत जायला लावलं आणि टेबलापलीकडच्या खुर्चीवर बसवून स्क्रीन माझ्याकडे वळवला.

"इथं झूम-बिम कायी नाही. हे तुमचं अठरा," तो म्हणाला. उठून दारापर्यंत गेला आणि तिथून माझ्या कोडची ओळ घडाघडा वाचून दाखवली. "मले तं इथून दिसून राहिलं, मॅडम."

मला करड्या रेघा दिसत होत्या. म्हटलं, उजेडामुळे असेल. त्यानं खिडकीचा पडदा ओढला.

"आता तुमची ओळ काढतो," तो परत येऊन म्हणाला. "मंग खालचं मूळचं अक्षर येईन, एकदम बारीक. म्हंजे तुमाले फरक समजन."

कळा दाबल्याचा आवाज आला. मी वाट पाहत राहिले. करड्या रेघा तशाच होत्या.

"दिसला का फरक?"

माझ्या वर कुणी नव्हतं. भांडायला आता कुणीच उरलं नव्हतं. तो बराच वेळ माझ्याकडे पाहत असावा. मग पुन्हा कळा वाजल्या.

"टाकली परत तुमची ओळ," तो हळूच म्हणाला. त्यानं सांगितलं म्हणून मला कळलं.