माल्टातले चार उजवे बूट

माल्टा या देशात आमच्या घरातले चार बूट आहेत. चारही उजव्या पायांचे.

मी डब्लिनजवळ स्वोर्ड्सला राहतो आणि ग्रँड कॅनाल डॉकच्या एका कंपनीसाठी सॉफ्टवेअर लिहितो (२०२१ साली ते स्वयंपाकघरातल्या टेबलावर, कुकरच्या शिट्ट्या ऐकत लिहीत होतो). बायको मुग्धा सरकारी हॉस्पिटलात डॉक्टर. साथीच्या आधी थोड्या दिवसांसाठी म्हणून मिरजेहून आलेले माझे सासरे तोवर घरचेच झाले होते. बाबा इतिहासाचे निवृत्त शिक्षक. कौतुकाच्या बाबतीत भलतेच कंजूष. "बरं आहे" हा त्यांचा सर्वोच्च पुरस्कार, आणि तोही आमच्या घरात आजवर फक्त डिशवॉशरला मिळाला होता.

त्यांना महायुद्धाचं भारी वेड. म्हणून प्रवास खुला झाल्याबरोबर मी माल्टाची तिकिटं काढली. भूमध्य समुद्रातलं एवढंसं बेट, पण युद्धात त्यावर इतके बॉम्ब पडले की लोक खडकात भुयारं खोदून राहिले. ती भुयारं आजही बघता येतात.

"या वेळी बाबांच्या तोंडून 'वा' काढतोच बघ!" मी मुग्धाला म्हणालो.

"तू फक्त फार बोलू नकोस," ती म्हणाली.

परतीच्या दिवशी, रविवारी दुपारी, आम्ही भुयाराशी पोचलो. दारातच कोनाड्यात मेरीची मूर्ती, पुढे दिवा. बाबा थबकले. "आत देव आहे हो."

"बूट काढा सगळ्यांनी!" मी गरजलो.

"डॅडी, नोबडी एल्स इज डुइंग दॅट," आमची लेक ईरा म्हणाली.

"कुठंही गेलो तरी आपण आपली रीत सोडायची नाही!"

बाबांनी माझ्याकडे चष्म्यावरून पाहिलं. त्या नजरेत चक्क माया होती! मग मला चेवच चढला. देवळाबाहेरची आपली ती जुनी युक्ती मी काढली. उजवे बूट दाराशी आणि डावे पलीकडच्या मोठ्या कुंडीमागे. जोडी फुटली की चोर हात लावत नाही. (ईराचे चिखलाने माखलेले बूट चोरायला माल्टात कोण टपून बसलं होतं, हे मला विचारू नका.)

"वा!" बाबा म्हणाले.

मिळालं! त्या आनंदात मी ओल्या, थंडगार फरशीवरून तरंगतच आत गेलो.

आत एका कोपऱ्यात बाळंतिणीची खोली होती. बाबा तिथं बराच वेळ उभे राहिले. "वर बॉम्ब पडतायत आणि इथं बाळ जन्मतंय," ते हळूच म्हणाले. मलाही गलबलून आलं. आणि मला गलबलून आलं की मी माहिती सांगायला लागतो.

"अरे, तो गाइड काहीतरी सांगतोय, ऐक ना," मुग्धा म्हणाली.

"मला माहितीये सगळं!"

मला माहीत नसलेली गोष्ट एवढीच होती की बाहेर पडायचं दार टेकडीच्या दुसऱ्या अंगाला आहे आणि ही आजची शेवटची फेरी.

बाहेर आलो तर ऊन मी म्हणत होतं. रस्त्याचा दगड तव्यासारखा तापलेला. गाइड मोटारसायकलवरून केव्हाच पसार. टेकडीला वळसा घालून, उड्या मारत, आम्ही पहिल्या दाराशी आलो. दाराला कुलूप! काचेतून दिसत होतं: कुण्या व्यवस्थित बाईनं आमचे चारही उजवे बूट उचलून आत तिकिटाच्या टेबलावर ओळीनं मांडून ठेवले होते. कुंडीमागचे डावे मात्र जिथल्या तिथे सुखरूप.

"ईरा, ठीक आहेस ना?"

"आय'म नॉट ग्रँड, डॅडी!" (आयर्लंडात 'ठीक'ला 'ग्रँड' म्हणतात.)

दारावरच्या नंबरवर फोन कुणी उचलेना. रविवार म्हणून दुकानं बंद. शेवटी एकेक डावा बूट घालून चौघंही लंगडत निघालो. गावात संताचा सण होता. साथीमुळे मिरवणूक नव्हती, पण चर्चला पताका लावल्या होत्या. दारात खुर्ची टाकून बसलेल्या एका आजीबाईंनी आम्हाला पाहिलं आणि छातीवर क्रूस काढला. मग लगबगीनं गार पाणी आणि बदामाची बिस्किटं आणून त्यांनी इंग्रजीत विचारलं, "नवस आहे का? कुणासाठी?"

"फॉर माय सन-इन-लॉ," बाबा गंभीरपणे म्हणाले. "फॉर हिज ब्रेन."

आजीबाईंनी माझ्या डोक्यावर हात ठेवून प्रार्थना केली. लांबलचक!

डब्लिनला उतरलो तेव्हा पाऊस होता आणि आमच्या पायांत हॉटेलात मिळालेल्या कापडी सपाता. भुयारवाल्यांनी पुढे फोनवर "पाठवतो" असं म्हटलं, पण चार उजव्या बुटांसाठी आम्हालाच आग्रह करवेना.

बाबा आता मिरजेला असतात आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला तोंडभरून सांगतात, "आमचे जावई म्हणजे भलतेच हुशार हो! परदेशात अशी काही युक्ती केली, की चोराला एकही जोडी मिळू दिली नाही."

मग चहाचा घोट घेऊन म्हणतात, "आम्हालाही नाही."